इंग्रजी वाक्प्रचार आणि नेमका शब्द: मुंबईतल्या मराठी माणसाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी येतं, व्याकरणही फारसं चुकत नाही, तरी वाक्य कुठेतरी खटकतं. ऑफिसचा मेल, नोकरीची मुलाखत, सोसायटीची नोटीस, आयेल्ट्ससारखी इंग्रजीची परीक्षा, सगळीकडे हीच अडचण येते आणि प्रश्नही तेच तेच येतात. ते इथे एकत्र घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा, म्हणजे चूक कानाला लवकर कळेल.

व्याकरण बरोबर असूनही वाक्य परकं का वाटतं?

कारण इंग्रजीत कुठला शब्द कुणाशेजारी बसतो हे ठरलेलं असतं आणि आपण मराठीतली जोडी तिकडे नेतो. 'कडक' हा शब्द घ्या. कडक चहा म्हणजे 'स्ट्राँग टी', कडक शिस्त म्हणजे 'स्ट्रिक्ट डिसिप्लिन', कडक थंडी म्हणजे 'बिटर कोल्ड', कडक ऊन म्हणजे 'स्कॉर्चिंग सन' आणि कडक बंदोबस्त म्हणजे 'टाइट सिक्युरिटी'. मराठीत एका विशेषणात भागलं, इंग्रजीत पाच लागली. यातल्या एकाही जागी 'हार्ड' चालत नाही, आणि शब्दकोशात 'कडक'समोर पहिला शब्द बहुधा तोच सापडतो.

'जोराचा'चंही तसंच. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो. 'बिग रेन' किंवा 'स्ट्राँग रेन' कुणी म्हणत नाही. पावसाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यायला हवी. हवामान खात्याच्या भाषेत 'हेवी' हा मोजलेला शब्द आहे: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे 'हेवी', 115.6 ते 204.4 म्हणजे 'व्हेरी हेवी' आणि त्याच्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी'. त्यामुळे मराठी बातमीतल्या 'मुसळधार'चं इंग्रजी करताना मनाने 'एक्स्ट्रीमली हेवी' लिहू नका, आधी आकडा बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, तिथे तो शब्द शोभतो. आकडा हाताशी नसेल तर 'टोरेन्शियल रेन' किंवा 'अ डाउनपोर' लिहा. दोन्ही वर्णनाचे शब्द आहेत, कुठल्या मोजमापाशी बांधलेले नाहीत.

म्हणून नवा शब्द सुटा पाठ करू नका. वहीत 'डिसिजन' असं न लिहिता 'मेक अ डिसिजन' लिहा, 'मिस्टेक' न लिहिता 'मेक अ मिस्टेक', 'रिस्क' न लिहिता 'टेक अ रिस्क'.

'शुक्रवारपर्यंत'साठी 'बाय' लिहायचं की 'टिल'?

मराठी 'पर्यंत' दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो' म्हणजे शुक्रवार ही मुदत, काम त्याआधी कधीही एकदाच होईल. इथे 'बाय': 'आय विल सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे.' 'शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे' म्हणजे तोवर सलग तिथेच. इथे 'टिल' किंवा 'अन्टिल': 'आय ॲम इन पुणे टिल फ्रायडे.'

'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं की शुक्रवारपर्यंत रोज रिपोर्ट येत राहणार. ओळखायची खूण सोपी आहे. मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. अर्थ टिकला तर 'बाय', बिघडला तर 'टिल'. कराराच्या कागदात मात्र 'बाय फ्रायडे'वर थांबू नका. 'ऑन ऑर बिफोर' लिहून तारीख घाला, म्हणजे शुक्रवार धरला की वगळला यावर वाद होत नाही.

मीटिंग 'पुढे ढकलली', तर 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणायचं का?

नाही, अर्थ नेमका उलटा होतो. आपण 'पुढे ढकलली' म्हणतो तेव्हा तारीख लांबते. त्याला इंग्रजीत 'पोस्टपोन' किंवा 'पुट ऑफ' म्हणतात. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे मीटिंग अलीकडे घेणे.

'मूव्ह फॉरवर्ड' तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही गोंधळात टाकतं. बुधवारची मीटिंग 'मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज' असं सांगितलं, तर काही जण सोमवार समजतात आणि काही शुक्रवार. मीटिंग अलीकडे घेण्यासाठी आपल्याकडचा 'प्रीपोन' भारतात बिनधास्त वापरा, तो इथे सगळ्यांना कळतो. परदेशी ग्राहक असेल तर क्रियापदावर भिस्त ठेवू नका: 'द मीटिंग इज नाऊ ऑन मंडे, 9 जून, ॲट 4 पी.एम.' असं सरळ लिहा. 'नेक्स्ट मंडे'ही टाळा. तो कुठला सोमवार, यावर लोकांचं एकमत नसतं.

'आय हॅड सेंट द मेल येस्टरडे' यात काय चुकलं?

'मी काल मेल पाठवला होता' हे मराठीत रोजचं वाक्य आहे. त्यातला 'होता' उचलला की इंग्रजीत 'हॅड' येतो. पण 'हॅड सेंट' ऐकलं की इंग्रजी कान दुसऱ्या घटनेची वाट बघतो: मेल पाठवला होता, आणि मग? 'आय हॅड सेंट द मेल बिफोर ही कॉल्ड' हे पूर्ण वाक्य झालं. एकच घटना सांगायची असेल तर 'आय सेंट द मेल येस्टरडे' पुरे.

जवळची दुसरी चूक 'पासून'ची. 'मी 2019 पासून इथे काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019' होत नाही. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019' असं हवं. सुरुवातीचा क्षण सांगितला तर 'सिन्स', कालावधी सांगितला तर 'फॉर'.

'आय स्टे इन ठाणे ओन्ली' का नको?

'मी ठाण्यातच राहते' यातला 'च' फक्त जोर देतो. इंग्रजी 'ओन्ली' जोर देत नाही, बाकी सगळं वगळतो. ऐकणाऱ्याला 'फक्त ठाण्यात, दुसरीकडे कुठेही नाही' असं ऐकू येतं आणि असं का सांगितलं हे त्याला उमगत नाही. इंग्रजीत हा जोर बहुतेक वेळा आवाजाने देतात. लिहिताना 'आय लिव्ह राइट हिअर इन ठाणे' किंवा ('तिनेच फोन केला'साठी) 'इट वॉज शी हू कॉल्ड' अशी वाक्याची रचना बदलावी लागते.

'स्टे'सुद्धा बदला. कायमचा पत्ता असेल तर 'लिव्ह', चार दिवस हॉटेलात किंवा मावशीकडे असाल तर 'स्टे'. आपल्याकडे दोन्हीला 'राहणे'च आहे.

'डिस्कस अबाउट' चूक, मग 'डिस्कशन अबाउट' बरोबर कसं?

इथे एक नियम हाती लागतो, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'विषयावर चर्चा', 'रजेसाठी विनंती', 'मुद्द्यावर भर' या सगळ्यांत मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतं, म्हणून आपण इंग्रजीतही काहीतरी जोडतो. इंग्रजीत अशा जोड्यांत ते नामाला लागतं, क्रियापदाला लागत नाही. 'अ डिस्कशन अबाउट सॅलरी', पण 'वी डिस्कस्ड सॅलरी'. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'आय रिक्वेस्टेड लीव्ह'. 'ॲन एम्फसिस ऑन सेफ्टी', पण 'ही एम्फसाइज्ड सेफ्टी'. 'ॲन ऑर्डर फॉर टू चेअर्स', पण 'वी ऑर्डर्ड टू चेअर्स'.

'रीच्ड टू दादर' नको, 'रीच्ड दादर'. 'कोप अप विथ' नको, 'कोप विथ'. 'रिटर्न बॅक' नको, नुसतं 'रिटर्न'.

जिथे अव्यय लागतंच, तिथे आपला प्रत्यय दगा देतो. त्याच्यावर रागावलो म्हणजे 'अँग्री विथ हिम', 'ऑन हिम' नाही. तिच्याशी लग्न झालं म्हणजे 'मॅरीड टू हर'. गणितात हुशार म्हणजे 'गुड ॲट मॅथ्स'. 'मला समजाव'चं 'एक्स्प्लेन मी' होत नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी' होतं. 'टेल मी' मात्र चालतं.

बस, ट्रेन, विमान, बोट यांना 'ऑन' लावतात. टॅक्सी, रिक्षा, गाडीला 'इन'. दादरला ट्रेनमधून उतरणं म्हणजे 'गेट ऑफ ॲट दादर', टॅक्सीतून उतरणं म्हणजे 'गेट आउट'. 'गेट डाउन' भारतात सर्रास चालतं, पण परदेशात ते 'खाली वाक' असं ऐकू येऊ शकतं.

मराठी वाक्प्रचार जसाच्या तसा इंग्रजीत चालतो का?

काही चालतात, आणि म्हणूनच फसायला होतं. एका दगडात दोन पक्षी मारणे, आगीत तेल ओतणे, डोक्यावरून जाणे, नाक मुरडणे, पाठीत खंजीर खुपसणे: या सगळ्यांची चित्रं इंग्रजीत जवळपास तशीच आहेत. मग आपण धीट होतो आणि पुढच्याला अडकतो.

सगळ्यात धोक्याची जोडी म्हणजे 'पाय ओढणे' आणि 'पुल समवन्स लेग'. आपल्याकडे पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला वर जाऊ देत नाही, ती गंभीर तक्रार आहे. इंग्रजीत 'पुलिंग माय लेग' म्हणजे खोटंच काहीतरी सांगून गंमत करणे. एखाद्याने मुलाखतीत 'माय कलीग्स वेअर पुलिंग माय लेग, सो आय लेफ्ट द जॉब' असं सांगितलं, तर समोरच्याला वाटेल की मित्रांनी थट्टा केली म्हणून यांनी नोकरी सोडली. म्हणायचं असतं ते 'दे वेअर अंडरमाइनिंग मी'.

दुसरी जोडी 'हात वर करणे'. आपल्याकडे जबाबदारी झटकली, इंग्रजीत 'रेज्ड हिज हँड' म्हणजे वर्गात प्रश्न विचारायला हात केला. बरोबरीचा प्रयोग 'ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ इट'. तिसरी, दात-ओठ खाणे. आपल्याकडे तो राग आहे. 'ग्रिट युअर टीथ' म्हणजे त्रास सोसून नेटाने काम करत राहणे.

'डोकं खाऊ नकोस'ला 'स्टॉप पेस्टरिंग मी' म्हणा, 'डोंट ईट माय हेड' परदेशी माणसाला कळणार नाही. 'कान भरणे'साठी कानाचा वाक्प्रचार शोधत बसू नका, 'टर्न्ड हिम अगेन्स्ट मी' एवढं साधं वाक्य पूर्ण अर्थ देतं. आमचा आग्रह साध्या वाक्याचाच असतो. वाक्प्रचार चुकला तर अर्थ उलटतो, साधं वाक्य फार तर साधं वाटतं.

वाक्प्रचारातले शब्द थोडे बदलले तर?

बहुतेक ठिकाणी बदलता येत नाहीत. 'बाय हुक ऑर क्रुक' अपुरं आहे, 'बाय हुक ऑर बाय क्रुक' हवं. 'अ पीस ऑफ केक'चं अनेकवचन होत नाही. पाच पेपर सोपे गेले तरी 'द एक्झाम्स वेअर अ पीस ऑफ केक'. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, पण त्याचं कर्मणी केलं की तो अर्थ जातो, खरीखुरी बादली लाथाडली जाते. काळ आणि पुरुष तेवढे बदलता येतात: 'द बॉल इज इन युअर कोर्ट', 'द बॉल वॉज इन देअर कोर्ट'.

आणि जागा ओळखा. 'किक द बकेट' हलक्या गप्पांतला आहे, शोकसंदेशात तो येताच कामा नये. तिथे 'पास्ड अवे' किंवा सरळ 'डाइड' लिहावं. 'एक्स्पायर्ड' बाहेरच्यांना औषधाच्या बाटलीची तारीख वाटते. 'मे हिज सोल आरआयपी'सुद्धा मोडकं आहे, पूर्ण शब्द लिहा: 'मे हिज सोल रेस्ट इन पीस'.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' अजून कुणी म्हणतं का?

फारच कमी. शाळेच्या निबंधात शिकलेले बरेच वाक्प्रचार जुने झालेत. 'इट्स पोअरिंग' म्हणा, ब्रिटिश माणसाशी बोलताना 'इट्स बकेटिंग डाउन'.

आयेल्ट्समध्ये जास्त वाक्प्रचार वापरले की जास्त गुण मिळतात का?

हा गैरसमज बऱ्याच जणांचे गुण खातो. स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि चार निकषांना सारखं वजन असतं: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. शब्दसंपदेत सातच्या बँडपासून (गुणपातळीपासून) 'इडिओमॅटिक' शब्दांची अपेक्षा असते हे खरं. पण तिथे 'इडिओमॅटिक' म्हणजे नुसत्या म्हणी नव्हेत. 'रन आउट ऑफ टाइम', 'गेट अलाँग विथ', 'हेवी ट्रॅफिक', 'अ टाइट डेडलाइन' हे सगळं त्यात मोडतं. बेतलेल्या म्हणी एकामागून एक आल्या की पाठांतर लगेच उघडं पडतं.

ॲकॅडमिक रायटिंगमध्ये रंगीत वाक्प्रचार ठेवूच नका. तिथे औपचारिक भाषा हवी.

एखादा वाक्प्रचार वापरण्याआधी तपासायचा कसा?

तीन-चार मिनिटांचं काम आहे. आधी ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश उघडा, तिन्ही फुकट बघता येतात. साध्या इंग्रजी-मराठी कोशात अर्थ मिळतो, पण वापर कसा करायचा ते मिळेलच असं नाही. वाक्प्रचारातल्या मुख्य नामाखाली शोधा आणि अर्थाआधी लेबल वाचा: 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'डिसअप्रूव्हिंग', 'ब्रिटिश इंग्लिश'. बहुतेक चुका हे लेबल न वाचल्यामुळे होतात. मग उदाहरणं वाचा आणि कोण कुणाला काय करतंय ते बघा. तोच साचा ठेवून फक्त माणसं आणि काळ बदला.

दोन रूपांत अडलात तर गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये दोन्ही रूपं स्वल्पविराम देऊन टाका. छापील पुस्तकांत कुठलं किती वेळा आलं त्याचा आलेख मिळतो, ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळंही बघता येतं. 'हेवी' लिहून पुढे एक जागा सोडून तारांकन टाकलंत तर त्याच्याशेजारी सर्वाधिक येणारे दहा शब्द समोर येतात. साधा गूगल शोध करताना वाक्यांश दुहेरी अवतरणात घाला, नाहीतर सुटे शब्द शोधले जातात आणि निकालांचा काही उपयोग होत नाही.

भारतीय इंग्रजी म्हणजे चुकीची इंग्रजी का?

मुळीच नाही. 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन', 'कजिन ब्रदर', 'डू द नीडफुल' हे कोट्यवधी लोक रोज वापरतात आणि एकमेकांचं बरोबर समजतात. बीकेसीतल्या ऑफिसातून नागपूरच्या शाखेला मेल जातो तेव्हा ते खोडायचं कारण नाही. प्रश्न वाचणारा कोण हा आहे. बाहेरच्या वाचकासाठी 'रिव्हर्ट'ऐवजी 'रिप्लाय' लिहा, कारण त्याच्या लेखी 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. 'आय हॅव अ डाउट'ऐवजी 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा; आपली शंका निरागस असते, 'डाउट'मध्ये अविश्वास डोकावतो. 'आय पास्ड आउट इन 2015' ऐकून त्याला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडलात. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

मुंबईच्या रोजच्या बोलण्यातले कुठले शब्द बाहेर अडतात?

'लोकल' पहिला. इंग्लंडमध्ये 'द लोकल' म्हणजे घराजवळचा पब. 'आय वॉज इन द लोकल फॉर टू अवर्स' असं तिथल्या साहेबाला लिहू नका, 'द सबर्बन ट्रेन' किंवा 'द कम्यूटर ट्रेन' लिहा. मेगाब्लॉकला 'प्लॅन्ड इंजिनिअरिंग वर्क ऑन द लाइन'. टू बीएचके म्हणजे 'अ टू-बेडरूम फ्लॅट'. सोसायटीला 'हाउसिंग सोसायटी' असं पूर्ण लिहा. झेरॉक्सला 'फोटोकॉपी', स्टेपनीला 'स्पेअर व्हील', डिकीला ब्रिटनमध्ये 'बूट' आणि अमेरिकेत 'ट्रंक'.

'बिल्डिंगच्या बॅकसाइडला' हे मात्र आजच सोडा. 'बॅकसाइड' म्हणजे माणसाचं ढुंगण. 'बिहाइंड द बिल्डिंग' म्हणा.

आकड्यांत 10 लाख म्हणजे 'वन मिलियन', एक कोटी म्हणजे 'टेन मिलियन'. स्वल्पविरामही हलतो: आपलं 12,50,000 तिकडे 1,250,000 असं लिहितात.

मेल उद्धट वाटू नये म्हणून काय करावं?

मराठीत आदर क्रियापदातच असतो: पाठवा, पाठवावे, पाठवाल का. इंग्रजी 'सेंड'मध्ये तो नाही, त्यामुळे 'सेंड मी द फाइल' हुकूम वाटतो. पुढे 'काइंडली' जोडलं की तो नम्र होतो असं आपल्याला वाटतं, पण परदेशी वाचकाला त्यात अनेकदा ताकीद दिसते. 'कुड यू सेंड मी द फाइल बाय थर्सडे?' हा प्रश्नार्थक साचा सगळीकडे चालतो.

संबोधनात 'रिस्पेक्टेड सर'ऐवजी 'डिअर', मग 'मिस्टर' किंवा 'मिझ', मग आडनाव. 'मिस्टर' कधीही नुसत्या पहिल्या नावाला लावू नका. आणि अनोळखी वयस्कर माणसाला आपण काका म्हणतो तसं परदेशात 'अंकल' म्हणू नका. तिथे 'सर' किंवा 'एक्सक्यूज मी' पुरतं.

'ऑलदो... बट' का चालत नाही?

आपण 'जरी' म्हटलं की 'तरी' आणतोच. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरतो: 'ऑलदो इट वॉज रेनिंग, द ट्रेन्स वेअर ऑन टाइम.' 'बट' हवं असेल तर 'ऑलदो' काढा.

कुठल्या नामांना 'एस' लागत नाही?

फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट, होमवर्क, फीडबॅक, सॉफ्टवेअर. एकच सल्ला सांगायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. आपले केस अनेकवचनी, पण डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत 'हेअर' एकवचनी: 'माय हेअर इज फॉलिंग आउट.' उलट आपली कात्री एक आणि चष्मा एक, इंग्रजीत मात्र 'सिझर्स' आणि 'ग्लासेस' कायम अनेकवचनी. 'वन ऑफ माय'च्या पुढे नेहमी 'फ्रेंड्स', 'फ्रेंड' नाही.

ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीची सरमिसळ चालते का?

एका कागदात एकच धरा. स्पेलिंगचा फरक निभावून जातो, अर्थाचा नाही. 'टेबल द प्रपोजल' म्हणजे ब्रिटनमध्ये, आणि आपल्या संसदेतही, प्रस्ताव चर्चेसाठी पटलावर ठेवणे. अमेरिकेत त्याचाच अर्थ प्रस्ताव बाजूला ठेवणे. 'क्वाइट गुड' अमेरिकन माणसाकडून आलं तर चांगली शाबासकी, ब्रिटिशाकडून आलं तर बहुधा 'ठीक आहे' इतकंच.

मुंबईतल्या ठिकाणांना 'द' कधी लावायचं?

'द गेटवे ऑफ इंडिया', 'द सी लिंक', 'द वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे', 'द बॉम्बे हाय कोर्ट', नदी म्हणून 'द मिठी', समुद्र म्हणून 'द अरेबियन सी'. स्टेशन, चौपाटी, तलाव आणि बहुतेक रस्त्यांना लागत नाही: दादर स्टेशन, जुहू बीच, पवई लेक, मरीन ड्राइव्ह.